आयरिसच्या पायाशी काय लावावं? (थाइमखाली कंद कुजले)

निळाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज अडचण आली म्हणून धागा काढते आहे.

माझ्याकडे आयरिसचा एक वाफा आहे. चार मीटर लांब, दीड मीटर रुंद, दिवसभर ऊन. फुलं असतात तेव्हा तिथून हलवत नाही, पण ती तीन-साडेतीन आठवडेच. बाकी सगळं वर्ष तलवारीसारखी पानं आणि मधे उघडी माती. त्या मातीत तण इतकं माजतं की दर आठ-दहा दिवसांनी खुरपायला बसावं लागतं, आणि कितीही जपलं तरी खुरप्याचं टोक कुठल्या ना कुठल्या कंदाला लागतंच.

म्हणून दोन वर्षांपूर्वी मधल्या जागेत रांगता थाइम (जमिनीलगत पसरणारं, बारीक पानांचं सुगंधी झुडूप) लावला. तो छान पसरला. माती दिसेनाशी झाली, तण जवळजवळ बंद झालं, त्यावर मधमाश्या यायला लागल्या. मी अगदी खूश होते. यंदा मात्र सगळ्यात जुन्या गड्ड्याला मोजून एक दांडा आला. बाजूच्या गड्ड्याची पानं टोकाकडून पिवळी पडलेली दिसली म्हणून पानांचा पंखा धरून जरा हलवला, तर तो सहज सुटून माझ्या हातात आला. थाइमची चादर बोटांनी वर उचलून पाहिली. खालची माती दमट होती, वर आठ दिवस पाऊस नसताना. कंद बोटाने दाबला तर साल तशीच राहिली आणि आतून पिवळट लगदा बाहेर आला. वास इतका घाण की मला उठून बाजूला जावं लागलं.

हा गड्डा मी एका छोट्या तुकड्यापासून वाढवला होता, त्यामुळे फार लागलं मनाला. थाइम सगळा उपटून टाकू का? आणि त्याच्या जागी काय लावू? पुन्हा उघडी माती नको वाटते.

खुरपणी

वाईट वाटलं वाचून. आधी एक सांगा, तुमचे आयरिस कोणत्या गटातले? खाली झुकलेल्या तीन पाकळ्यांवर मधोमध केसाळ पट्टा आहे का, सुरवंट चिकटल्यासारखा? असेल तर तो दाढीवाला आयरिस. त्याचे नियम एक आणि बाकीच्यांचे अगदी उलटे. हे कळल्याशिवाय कोणीही काहीही सुचवलं तरी उपयोग नाही.

निळाई

हो, दाढी आहे. बहुतेक सगळे उंच, कमरेपर्यंत येणारे. वाफ्याच्या उताराकडच्या टोकाला दोन गड्डे मात्र बारीक, गवतासारख्या पानांचे आहेत, त्यांना दाढी नाही. ते सायबेरियन म्हणून मिळाले होते. थाइम त्यांच्यापर्यंतही पोचला आहे, पण त्यांना काही झालेलं नाही!

मातीशी_नातं

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्या या शेवटच्या वाक्यात आहे ताई.

दाढीवाल्या आयरिसचा कंद जमिनीत राहणारा नाही, जमिनीवर आडवा पडून राहणारा आहे. मुळं खाली, पाठ वर. लावताना सुद्धा आपण त्याची पाठ मातीच्या पातळीला ठेवतो. फार कडक उन्हाचा प्रदेश असेल तर दोन-तीन सेंटिमीटर माती वर, त्याहून जास्त नाही. त्या पाठीला ऊन आणि वारा लागला पाहिजे. फुलं संपल्यावरच्या दिवसांत कंद उन्हात चांगला तापला की पुढच्या वर्षीचे दांडे जोमाने येतात. सावलीत, ओलीत राहिला तर पानं हिरवीगार दिसतात आणि फूल येत नाही.

थाइमने तुमच्याकडे तेच केलं. त्याचा स्वभाव वाईट नाही. त्याला स्वतःलाही कोरडी, हलकी जमीनच आवडते, म्हणून तर सगळे ही जोडी सुचवतात. पण दोन वर्षं न कापलेल्या थाइमची गादी होते. वरून बघावं तर कोरडी, खाली हात घातला तर दमट. त्यात खुरप्याच्या जखमा झालेला कंद सापडला की मऊकुजीचा जिवाणू आत शिरतो. साठवणीतले बटाटे आणि गाजरं ज्याने नासतात, तोच हा जिवाणू. म्हणून वास तसा. त्याला धडधाकट सालीतून आत जाता येत नाही, जखम लागते. खुरप्याची असो, किड्याची असो, गोगलगाईने कुरतडलेली असो.

सायबेरियनचं सगळंच वेगळं. त्याचा कंद बारीक, मातीच्या आत, दाट मुळांच्या झुबक्यात. त्याला वर काहीतरी झाकण असलेलं बरंच वाटतं, कारण त्याला ओलावा टिकलेला हवा असतो. त्यामुळे तिथला थाइम खुशाल राहू द्या. उलट त्या टोकाला ओलावा वाढला तर थाइमच कंटाळेल.

थाइम सगळा उपटू नका. प्रत्येक दाढीवाल्या गड्ड्याभोवती, कंदांच्या बाहेरच्या कडेपासून वीतभर जागा उघडी करा आणि ती कायम उघडी ठेवा. बाकीच्या जागेत थाइम राहू दे, पण फुलून गेला की दरवर्षी कात्रीने खाली घ्या. गाभ्यातल्या जुन्या लाकडापर्यंत नका जाऊ, तिथून तो फुटत नाही.

पानगळ

वीतभर उघडी जागा. +१. वाचनखूण साठवली.

गारवा

आधी कुजलेल्या कंदांकडे बघा, नवीन लागवड नंतर. मी हे दोनदा केलं आहे आणि दोन्ही वेळा निम्म्याहून जास्त कंद वाचले, त्यामुळे धीर सोडू नका.

गड्डा पूर्ण उकरून काढा. पूर्ण लगदा झालेले भाग फेकून द्या, कंपोस्टमध्ये घालू नका. अर्धवट कुजलेला असेल तर जुन्या चमच्याने खरवडत जा. चमचा सुरीपेक्षा बरा पडतो, कारण मऊ भाग आपोआप निघतो आणि कडक भागाला लागला की हाताला लगेच कळतं. पांढरा, टणक, कापलेल्या काकडीसारखा ओलसर गाभा दिसला की थांबा. मग ते तुकडे एक-दोन दिवस उन्हात उघडे ठेवा, कापलेल्या जागेवर कोरडी खपली धरेपर्यंत. हत्यार प्रत्येक कंदानंतर स्पिरिटने किंवा एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी याने पुसायचं. हे टाळलं तर एका कंदाचा रोग आपणच दुसऱ्याला देतो.

आणि त्याच जागी लगेच लावू नका. जागा बदला, नाहीतर तिथली माती उकरून काही दिवस उन्हात तापू द्या.

बाकी एक विचारते, गड्डे शेवटचे कधी वेगळे केले होते?

निळाई

कधीच नाही. सहा वर्षं झाली.

गारवा

मग सगळा दोष थाइमच्या माथी मारू नका. दाढीवाला तीन ते चार वर्षांनी काढून वेगळा करावाच लागतो. सहा वर्षांत कंदांवर कंद चढतात, मधले उपाशी राहतात. शिवाय एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. त्याच्या बाजूला फुटलेली पिल्लं फुलतात, आणि त्यांना जागा हवी. फुलं संपल्यावर साधारण सहा आठवड्यांनी काढा, जुना आईकंद टाकून द्या, बाहेरची जाड पिल्लं दीड-दोन फुटांवर लावा, पानं एक-तृतीयांश ठेवून कापा.

हे ग्राउंड कव्हर, म्हणजे जमीन झाकणारं झाड, निवडतानाही लक्षात ठेवा. दर तीन-चार वर्षांनी जिथे कुदळ चालणार आहे तिथे जन्मभराची चादर घालून काय उपयोग? सहज उपटता येईल, परत लावता येईल असंच काहीतरी हवं.

उन्हातली_बाग

गारवाताईंचा हा शेवटचा मुद्दा मला फार पटला. मी नेमकी याच कारणासाठी बारमाही चादरी सोडून वर्षायू झाडांकडे वळले.

माझी पहिली पसंती पोर्चुलाका, आपला चिनी गुलाब. आयरिस फुलून गेल्यावर, ऊन चढल्यावर तो पसरायला लागतो. मुळं वरवरची, बोटाच्या एका ओढीत निघतात. पाणी मागत नाही, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण ज्याला पाणी घालावं लागतं ते दाढीवाल्याच्या शेजारी चालतच नाही. कंदावर चढला तर काडी मोडून दुसरीकडे खोचायची, तिथे तो रुजतो. ऋतू संपला की मरून जातो आणि कंद आपोआप मोकळे होतात.

दुसरं ॲलिसम. थंड हवेच्या दिवसांत पांढऱ्या फुलांचा फेस येतो नुसता, वर जांभळा आयरिस असेल तर बघत राहावं. उन्हाच्या तडाख्यात विझतं, पण तेव्हा चिनी गुलाब त्याची जागा घेतो. दोन्हींचं बी पडून आपलं आपण उगवतं. कंदाच्या अंगावर उगवलेलं तेवढं काढायचं.

मांसल पानांचं सेडमही चालतं, पण कोणतं ते बघून. पिवळ्या फुलांचं, अगदी बारीक दाणेदार पानांचं जे सेडम आहे त्याचा तुकडा पडला की तिथे झाड. मी एकदा ते वाफ्यातून काढायला बसले होते. गड्ड्याच्या मधे, दोन कंदांच्या फटीत, जिथे बोट जात नाही तिथे त्याच्या पाच-पाच मिलिमीटरच्या काड्या अडकलेल्या. शेवटी विणकामाची सुई घेऊन एकेक ओढून काढली. दोन संध्याकाळी गेल्या. रुंद पानांचं रांगतं सेडम त्यापेक्षा हळू चालतं आणि हाताला सापडतं, ते घ्या.

सावली

थोडा वेगळा अनुभव मांडते. माझ्याकडे दाढीवाले आयरिस आणि रांगता फ्लॉक्स शेजारी शेजारी आठ वर्षं आहेत आणि आजवर एकही कंद कुजला नाही. बारमाही चादर नकोच, असं सरसकट म्हणू नये असं मला वाटतं. फ्लॉक्स बोटभर-दीड बोट उंच, वर्षभर हिरवा, आणि बुटक्या आयरिसबरोबर एकाच वेळी फुलतो. गुलाबी गालिच्यातून जांभळी फुलं वर आलेली असतात. वर्षायू लावून हे मिळत नाही.

मातीशी_नातं

सावलीताई, तुमच्याकडे उन्हाळ्यात पाऊस असतो का? आणि फ्लॉक्स कंदावर चढू देता का?

सावली

पाऊस नाही. उन्हाळा ठणठणीत कोरडा, पाऊस सगळा थंडीत. जमीन उताराची, खडीमिश्रित. आणि हो, फुलं गेली की फ्लॉक्स अर्ध्यापर्यंत कापते आणि कंदांवर आलेल्या फांद्या मागे घेते. वीतभर नाही, पण चार बोटं जागा असतेच मोकळी.

मातीशी_नातं

मग दोघांचंही बरोबर आहे. कोरड्या उन्हाळ्यात, खडीच्या उतारावर फ्लॉक्सखाली ओल धरतच नाही. हेच झाड दमट, पावसाळी उन्हाळ्यात सपाट चिकण मातीत लावलं तर निळाईताईंच्या थाइमसारखंच होईल. झाडाचं नाव बघून यादी करण्यापेक्षा आपल्याकडे कंद तापायच्या दिवसांत हवा कशी असते हे आधी बघावं. उन्हाळा दमट असेल तर मी बारमाही चादर दाढीवाल्यापासून लांबच ठेवेन आणि मधे बारीक खडीचा थर देईन. खडी ऊन परतवते, पाणी थांबू देत नाही, तणही कमी येतं. लाकडाचा भुसा किंवा पालापाचोळ्याचं आच्छादन मात्र कंदावर कधीच नको.

बुटक्या आयरिसबद्दलही एक. सगळ्यात छोटा गट 20 सेंटिमीटरच्या आतला, त्यावरचा 20 ते 41. त्यांच्या पायाशी फ्लॉक्स म्हणजे निम्म्या उंचीची भिंत. तिथे अगदी मातीला चिकटून राहणारंच काहीतरी हवं. 70 सेंटिमीटरच्या वरच्या उंच गटाला तेवढी अडचण येत नाही.

हिरवा_कोपरा

अजुगा कसा वाटतो? तांबूस पानांचा, निळ्या तुऱ्यांचा. आणि विंका (सदाफुली नव्हे, जमिनीवर रांगणारा)? दोन्ही माझ्याकडे भरपूर आहेत, आयरिसमधे सरकवावेत असा विचार होता. पिवळ्या फुलांच्या रांगत्या वेडेलियाचीही कलमं मिळत आहेत.

मातीशी_नातं

कृपा करून तिन्ही नको.

विंका कंदांच्या मधे मुळं धरत जातो. एकदा शिरला की आयरिस उकरल्याशिवाय निघत नाही. वेडेलियाला तर जगातल्या सगळ्यात उपद्रवी 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत जागा मिळाली आहे. तुकड्यातुकड्यातून रुजतो. बागेतून ओढ्याकाठी गेला तर परत आणता येत नाही.

अजुगाचं कारण वेगळं आहे आणि ते जास्त लोकांना माहीत असायला हवं. उष्ण, दमट हवेत अजुगाला बुडकूज होते. बुडाशी पांढरे कापसासारखे धागे आणि त्यात मोहरीच्या दाण्यांसारख्या तपकिरी गोळ्या दिसतात. ती बुरशी आयरिसलाही तशीच धरते, आणि त्या गोळ्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणजे शेजारी बसवून आपण रोगाला पूल बांधून देतो. एका वर्षी माझा अजुगा एका कोपऱ्यातून बसायला लागला आणि पंधरा दिवसांत बुडकूज तीन आयरिसपर्यंत पोचली. तेवढ्या पट्ट्यात मी आजही काही लावत नाही.

थंड प्रदेशात, ओलसर जागी, सायबेरियनबरोबर अजुगा शोभतो, हेही खरं. पण उष्ण आणि दमट हवेत नाही.

हिरवा_कोपरा

बरं झालं विचारलं. वेडेलियाची कलमं परत देते.

ओलावा

सगळे दाढीवाल्याबद्दलच बोलत आहेत, म्हणून बिनदाढीच्यांची बाजू मांडते. माझं प्रेम त्यांच्यावर आहे.

जपानी आयरिसला आम्लधर्मी माती आणि वाढीच्या दिवसांत भरपूर पाणी लागतं. चुना चालत नाही. त्याची गंमत अशी की दरवर्षी नवी मुळं जुन्या मुळांच्या वर फुटतात, त्यामुळे गड्डा हळूहळू मातीतून वर यायला लागतो. उघडा पडला की कोमेजतो. म्हणून त्याला बोटभर खोल लावायचं आणि वर झाकण द्यायचं. दाढीवाल्याला जे मारतं ते याला जगवतं! लुइझियाना आयरिसचंही तसंच, त्याचा कंद उघड्यावर राहिला तर उन्हाने भाजतो, त्यावर आच्छादन हवंच.

यांच्या पायाशी मी ब्राह्मी लावली आहे. पाणथळ मातीत ती आपल्या घरी असल्यासारखी पसरते, पानं लहान, मांसल, फुलं फिकट निळसर-पांढरी. आयरिसचे पंखे तिच्यातून सरळ वर येतात, दोघांची भांडणं नाहीत. सोनेरी पानांची लायसिमाकिया दिसायला ब्राह्मीहून सुंदर, काळसर जांभळ्या आयरिसखाली तर फारच, पण ती ओढ्या-नाल्यापासून लांब, कडा घातलेल्या वाफ्यातच ठेवा. काही प्रदेशांत ती पसरून उपद्रव झाली आहे. पाण्याकाठच्या पिवळ्या आयरिसचीही तीच तऱ्हा, तोही बऱ्याच देशांत आक्रमक ठरला आहे. त्याच्या खाली काय लावू असं कोणी विचारलं तर मी आधी त्यालाच काढायला सांगेन.

आणि अर्धसावली असेल तर आयरिस क्रिस्टाटा बघा. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलातला, वीतभरसुद्धा उंच नाही. तो स्वतःच जमीन झाकतो, दुसरं काही लावावं लागत नाही. गोगलगायींवर लक्ष ठेवावं लागतं तेवढं.

एक_शंका

कंदाऐवजी गोल गड्डीचे जे छोटे आयरिस असतात, थंडी सरता सरता फुलणारे, जाळीच्या सालीचे? त्यांच्यावर थाइम चालेल का?

उन्हातली_बाग

रेटिक्युलाटा. चालेल, आणि मला तर तीच थाइमची सगळ्यात योग्य जागा वाटते. गड्डी दहा सेंटिमीटर खोल असते, पाठ तापवण्याचा प्रश्न नाही. फूल आलं, पानं वाळली की उन्हाळाभर ती झोपते, आणि तेव्हा तिला कोरडं राहायचं असतं. थाइमलाही पाणी नको असतं. पानं वाळून गेल्यावर ती जागा रिकामी दिसते, तीही झाकली जाते. कोवळी टोकं पातळ थाइममधून आरामात वर येतात.

खुरपणी

निळाईताई, अजून एक राहून गेलं. खाली काहीही लावलं तरी आयरिसची वाळकी पानं त्यात अडकून राहू देऊ नका. पानांवर तपकिरी ठिपके पाडणारी बुरशी त्या जुन्या पानांवरच पुढचा ऋतू गाठते. उत्तर अमेरिकेत कंद पोखरणारी अळी आहे, तिची अंडीही थंडीभर अशाच पाचोळ्यात असतात. दाट चादरीत पाचोळा अडकला की दिसतही नाही आणि निघतही नाही. बोटं फिरवून साफ करता येईल इतकंच दाट असू द्या.

खताचंही तसंच. चादर हिरवी दिसावी म्हणून नत्राचं खत टाकलं की आयरिसचे कंद फुगतात, मऊ पडतात आणि कुजीला बळी पडतात.

निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या आपुलकीने कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काय केलं ते लिहिते.

सगळे दाढीवाले गड्डे काढले. एकूण 41 कंद निघाले, त्यांतले 14 टाकावे लागले. गारवाताई, चमच्याचं अगदी बरोबर, हाताला कळतं. खरवडलेले नऊ कंद ओट्यावर दोन दिवस उन्हात ठेवले, आठांना छान खपली धरली. वाफ्याची माती उकरून उंचावली, बारीक खडी मिसळली, आणि कंद पाठ वर ठेवून लावले. भोवती वीतभर नुसती खडी. मधल्या पट्ट्यांत चिनी गुलाब. थाइम उपटला नाही. त्याचे तुकडे करून वाफ्याच्या बाहेरच्या कडेला लावले, तिथे आता रेटिक्युलाटा पण घालणार आहे. सायबेरियनच्या टोकाला पाणी जास्त जातं, तिथे ब्राह्मी.

निळाई

पुढच्या बहराची बातमी द्यायला आले आहे.

त्या जुन्या गड्ड्याच्या वाचलेल्या पाच पिल्लांपैकी तीन फुलली. लावल्यावर पहिल्याच वर्षी! बाकीची दोन पानांनी भरली आहेत. चिनी गुलाब पहिल्या ऋतूत एकदा कंदांवर चढला होता, दर रविवारी काड्या मोडून मागे घेतल्या. या वेळी त्याचं बी पडून आपोआप आलंय. खडीच्या पट्ट्यात तण येतं, पण बोटांनी निघतं, खुरपं आत नेलेलंच नाही.

आज सकाळी फुलांजवळ बसले होते. कंदांची पाठ उन्हात तपकिरी, कोरडी, जुन्या दोरखंडासारखी सुरकुतलेली दिसते. अंगठ्याने दाबून पाहिली. टणक.

गारवा

वा! फार बरं वाटलं. न फुललेल्या दोघांना या वर्षी हात लावू नका.